तुळईचा मुआयना

भीमपूरपासून नार्नूरपर्यंत एकही जुनं घर असं नसेल, ज्याच्या खांबाला माझ्या थोरल्या साडूच्या काकांनी कान लावला नव्हता. आणि त्यांचा तो कान निकामी झाला असं साऱ्या मुलखाला पटवून देणारा माणूस मी. हे आधीच सांगून टाकतो. पुढं त्यांच्या गमती सांगताना मलाही हसू येईल आणि मूळ गोष्ट राहून जाईल, अशी मला भीती आहे.

काकांची अख्खी नोकरी सागवानाच्या डेपोत ओंडके मोजण्यात गेली. बायको लवकर गेली, मूलबाळ नव्हतं. निवृत्त होऊन ते भीमपूरला एका भाड्याच्या खोलीत राहू लागले आणि जुनं घर विकत घेणारे लोक त्यांना तपासणीसाठी न्यायला येऊ लागले. तपासणीला ते 'मुआयना' म्हणत, जुन्या निजामी अंमलदारासारखे, आणि त्या दिवशी ठेवणीतलं धोतर नेसत. घरात शिरल्यावर पहिला हुकूम, "आवाज बंद!" नार्नूरला एका घरी त्यांनी गाय बाहेर बांधायला लावली, भिंतीवरचं घड्याळ थांबवलं आणि खोकणाऱ्या आजोबांना बाजेसकट शेजारी पाठवलं. मग खांबाला कान लावून, डोळे मिटून, बोटाच्या पेरानं टकटक करत बसले. जणू आतून कोणी कडी काढणार होतं. भिंतीला तर ते चक्क जीभ लावत. "मीठ हाये. पावसाळ्यात रडन हे भिंत." शेवटी भर दुपारी उघड्या जमिनीवर तासभर झोपत. ज्या घरात झोप लागत नाही तिथं काहीतरी हलत असतं, असं त्यांचं शास्त्र होतं. एकदा ही झोप इतकी लांबली, की ते उठेपर्यंत घेणारा आणि विकणारा यांचं भांडण होऊन सौदा मोडला होता. काकांनी तरीही निकाल सांगितलाच.

त्यांच्या स्वतःच्या खोलीचं छप्पर मात्र तीन ठिकाणी गळायचं. मी एकदा चिडवलं तर म्हणाले, "दुसऱ्याच्या घरातला दोष सांगून मोकळं होता येते, लेका. आपल्यातला दिसला का मंग राहाच लागते त्याच्यात." मुआयन्याचे ते कधी काही घेत नसत. मला वाटतं, घरांपेक्षा त्यांना ते बोलावणं हवं असायचं. कोणी न्यायला येणार असलं की तासभर आधीच दारात उभे असायचे.

त्यांचे दोन नियम होते. निकाल दिल्याशिवाय त्या घरचं पाणी प्यायचं नाही. आणि निकाल द्यायचा तो फक्त घेणाऱ्याच्या कानात, अंगणाबाहेर नेऊन. मालकासमोर कधीच नाही, आणि नंतरही कुणाजवळ त्याचा उच्चार नाही. मी विचारलं होतं, काऊन असं? "घर विकनं मानसाच्या जिवावर येते, बाप्पा. त्याच्यात त्याच्या घराले नावं ठेवून कायले रडवाचं त्याले?"

मी जो खोटेपणा केला, तो या नियमाच्या आधारानं.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस माझं किराणा दुकान जरा बरं चाललं होतं. भाजी पिकवणारे एक माळीदादा आपलं धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छपराचं घर विकून मुधोळला मुलाकडे जायला निघाले होते. काका आणि ते जुने दोस्त. रोज संध्याकाळी दोघं त्याच घराच्या ओट्यावर चहा घेत. तरीही काकांनी मुआयन्यात तसूभरही सूट दिली नाही. टकटक झाली, भिंतीची चव घेऊन झाली, झोप झाली. मग मला बोरीखाली नेऊन कानात म्हणाले, "तुळई अस्सल सागाची हाये. तुहे पोरं म्हातारे होतीन, हे हालत नाई. घेऊन टाक."

मी आत गेलो. माळीदादांना म्हणालो, "काका म्हणतात तुळई आतून किडकी आहे." आधी असं काही ठरवलं नव्हतं. पण काकांचं नाव घेतल्यावर भाव करायची गरजच उरली नाही. माळीदादांनी वर तुळईकडे पाहिलं, मग बाहेर बोरीखाली उभ्या काकांकडे पाहिलं, आणि मी सांगितलेल्या भावाला मान हलवली. काका हसतमुखानं आत आले आणि पाणी मागितलं. तांब्या आला, पण बसा कुणी म्हटलं नाही. आठवड्यानं माळीदादा निघून गेले ते काकांशी न बोलता. काकांनी तुळई किडकी ठरवल्याची गोष्ट तोवर गावभर झाली होती.

पुढच्या उन्हाळ्यात मी धाबं उतरवलं. तुळई इतकी कठीण निघाली, की सुतारानं करवत खाली ठेवली. "किडकी म्हनं! म्हाताऱ्याचा कान गेला, शेटजी." ही गंमत बाजारभर झाली. काका पाहायला आले. तुळईवर हात फिरवला, माझ्याकडे पाहिलं आणि गेले. एका शब्दानं त्यांना सुटता आलं असतं. पण निकाल दुसऱ्याजवळ बोलायचा नाही, म्हणजे नाही. मीही बोललो नाही. बोलावणी बंद झाली. ठेवणीतलं धोतर रोजच्या वापरात आलं.

अशी सहा-सात वर्षं गेली. मग एका बाजाराच्या दिवशी दुकानात एका शेतकऱ्यानं सहज विचारलं, "घर पाहून राह्यलो. काकाले नेऊ का?" दुसरं गिऱ्हाईक हसलं, "या शेटजीलेच पूस. याचंच घर चुकलं ना." मी 'हो' म्हणून मान डोलावली. वर पाहिलं तर काका आगपेटी घ्यायला काउंटरशी उभे होते.

दुसऱ्या सकाळी मी त्यांच्या खोलीवर गेलो आणि सगळं कबूल केलं. ते चूल फुंकत होते. "मले कायले सांगून राह्यला? मी काय बोललो थे मले मालूम हाये. ज्याले मालूम नाई, त्याले सांग."

"चला मग मुधोळला. आजच."

"मी कायले येऊ? त्यानं बोलावलं नाई मले." पण बोलता बोलता त्यांनी चूल विझवली.

आदिलाबाद, निर्मल अशा बस बदलत दुपारी उशिरा पोचलो. वाटेत ते एवढंच म्हणाले, "त्याले चहात गूळ लागते." माळीदादा अंगणात बाजेवर बसले होते, खूप थकलेले. काकांना पाहून त्यांनी तोंड फिरवलं. काका फाटकातच थांबले. मी एकटा पुढं गेलो आणि दुकानात कधी बोललो नसेन इतक्या मोठ्यानं बोललो, फाटकापर्यंत ऐकू जावं म्हणून.

"दादा, काकांनी तुमच्या घराला नावं ठेवली नाहीत. तुळई अस्सल सागाची आहे, घेऊन टाक, एवढंच ते म्हणाले होते. किडकी मी म्हणालो. स्वस्तात हवं होतं म्हणून. तुम्ही दोघं इतकी वर्षं एकमेकांवाचून राहिलात ते माझ्यामुळं. माझं चुकलं. मला माफ करा."