उलटी फिरलेली करवत

चालू इंजिन आपलं आपण उलटं फिरायला लागतं, हे मला त्या हिवाळ्यापर्यंत ठाऊक नव्हतं.

आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं होती. कळप मोडला तसा मी आणि माझा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, बारामतीतल्या एका लाकडाच्या वखारीत हातकरवतीवर लागलो. एकानं ओंडक्यावर उभं राहायचं, दुसऱ्यानं खाली खड्ड्यात, आणि दिवसभर ओढायचं. अंग मोडून यायचं, पण भ्यायचं काही कारण नव्हतं. आपला हात थांबला की करवत थांबायची.

एकोणीसशे तीस उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील, वखारवाल्यानं तेलावर चालणारं इंजिन आणलं. दोन्ही बाजूंना छातीएवढी लोखंडी चाकं. एका चाकावरून चामड्याचा पट्टा निघायचा आणि दहा हातांवरची गोल करवत फिरवायचा. करवतीचे दात समोरून खाली जायचे आणि लाकूड फळीवर दाबून धरून कापायचे. हिवाळ्यात हे सगळं धूड गाडीवर घालून आम्ही नरसिंहपूरला, भीमा-नीरेच्या काठच्या बाभळींत नेलं. तिथंच बैलगाड्यांच्या चाकांचे आरे कापायचे आणि तयार माल बारामतीला धाडायचा.

इंजिनाबरोबर आलेले एक म्हातारे चालवणारे होते. त्यांना आम्ही तात्या म्हणायचो. त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं सरळ होत नसत. ती कशानं अशी झाली हे मी विचारलं नाही, पण रोज सकाळी ते चाकाला हात घालायचे तेव्हा माझी नजर त्या बोटांवरच असायची.

नदीकाठची थंडी वाईट. सकाळी धुकं असं बसायचं की दहा पावलांवरचा माणूस दिसू नये. अशा गारठ्यात इंजिन म्हणजे मेलेलं जनावर. तेल घट्ट व्हायचं, म्हणून तात्या तेलाचा डबा चुलीच्या ऊबदार राखेत ठेवून द्यायचे. मग घासलेटवर घरघरणारा एक दिवा पेटवून त्याची झळ इंजिनाच्या डोक्यावर धरायची. ते लोखंडी डोकं लाल झालं की तेल आत सोडायचं आणि चाक मागंपुढं हलवून एक हिसका द्यायचा. लागलं तर लागलं. नाही तर चाकच उलटा हिसका देणार.

"अंगठा आत घालू नगं," तात्या सांगायचे. "बोटांच्या बाजूलाच ठेव. चाकानं झटका दिला तर हात सुटला पायजे."

मला चाकापेक्षा दिव्याचं भय जास्त. गारठ्यात तो धड पेटत नसे; मध्येच भडकायचा आणि हातभर पिवळी जीभ बाहेर टाकायचा. एकदा त्यानं तात्यांची भुवई जाळली होती. त्यात भर ते तापलेलं डोकं. ते फुटून तोंडावर येईल असंच मला वाटायचं. कुणाला बोललो नाही. मेंढरांमागं लांडग्याच्या रानात हिंडलेला माणूस दिव्याला भितो, हे सांगायचं कसं?

एक दिवस तात्यांना ताप भरला. सकाळी उठवायला गेलो तर घोंगडीत कुडकुडत पडलेले. दुपारी माल न्यायला गाड्या येणार होत्या आणि आरे निम्मेसुद्धा झाले नव्हते.

"तूच लाव आज," तात्या म्हणाले. "रोज बघतोस न्हवं?"

"मला जमंल का, तात्या?"

"जमंल. डोकं पिकल्या मिरचीवाणी लाल होऊ दे. घाई करू नगं, एवढंच."

मेहुण्यानं दिवा पेटवून दिला. मी तो धरून बसलो. दिवा दोनदा भडकला. दुसऱ्यांदा झळ मनगटाला लागली आणि मी मागं पडलो. उठून पाहिलं तर डोकं काळपट लाल झालं होतं, विटेसारखं. मिरचीसारखं नव्हतं. ते मला दिसत होतं. तरी मी दिवा विझवला.

"झालं का?" मेहुण्यानं विचारलं.

"झालं."

चाकाला हिसका दिला. तिसऱ्या वेळी इंजिन लागलं. ठक, ठक, ठक. चाक बरोबर फिरतंय हे मी नीट पाहिलं. मेहुण्यानं पट्टा चढवला, करवत गरगरायला लागली. वाटलं, संपलं, वाचलो.

मी पाठ फिरवून करवतीकडं निघालो. दोन-चार पावलं गेलो असेन, तेवढ्यात इंजिनाचा एक ठोका चुकला. मग लागोपाठ दुसरा. आवाज मंदावला, आता बंद पडणार असं वाटलं आणि पुन्हा ठक, ठक सुरू झालं. मी वळून बघितलं नाही. बघायला नको वाटत होतं.

मेहुणा नेहमीसारखा करवतीच्या पलीकडं, कापलेला तुकडा ओढून घ्यायला उभा राहिला. मी दीड हाताचा बाभळीचा ओंडका उचलला आणि पुढं सरकवला. दात लागले मात्र, ओंडका माझ्या हातातून वर उडाला. तो कापला गेलाच नाही. करवतीनं तो खालून उचलला आणि डोक्यावरून पलीकडं फेकला. माझ्या तळव्यांची साल निघाली. पलीकडं धुक्यात एक बदकन आवाज झाला. ओरडणं नाही, काही नाही.

तेव्हा माझं लक्ष करवतीकडं गेलं. दात समोरून वर येत होते.

इंजिन बंद करायचं भानही मला राहिलं नाही. आवाज ऐकून तात्या घोंगडीसकट धावत आले आणि त्यांनी तेल तोडलं. मेहुणा पाठीवर पडला होता. तोंडातून रक्त येत होतं आणि डावा खांदा भलत्याच जागी होता. डोळे उघडे होते. मला वाटलं, गेला.

"गाडी जुप," तात्या म्हणाले. "श्वास हाय."

इंदापूरच्या दवाखान्यापर्यंत गाडीला सबंध दिवस लागला. ओंडके ओढायला ठेवलेल्या गाडीचा गाडीवान पुढं, मी मागं मेहुण्याचं डोकं मांडीवर घेऊन. चाक दगडावरून गेलं की तो कण्हायचा. कण्हला की मला बरं वाटायचं, कारण मधल्या वेळात तो कण्हत नसे आणि मी त्याच्या नाकापुढं बोट धरून बसायचो. धोतराच्या सोग्यानं रक्त पुसावं तर पुन्हा यायचं. छातीत काहीतरी फुटलंय, हे मी धरूनच चाललो होतो. बायकोला काय सांगायचं याचे शब्द जुळवत होतो, आणि आपण आत्ताच शब्द जुळवतोय याची मला शिसारी येत होती.

दवाखान्यात डॉक्टरांनी त्याचं तोंड उघडून कंदिलाच्या उजेडात पाहिलं. "जीभ चावली गेलीय," ते म्हणाले. "रक्त तिचं आहे, छातीतलं नाही. खांद्याचं हाड मोडलंय, दोन फासळ्या गेल्यात. जगेल."

मी भिंतीला टेकून खाली बसलो.

पाच-सहा दिवसांनी त्याला थोडं बोलता यायला लागलं. तोवर मी त्याच्याजवळच होतो आणि तोवर मी काही कबूल केलं नव्हतं. त्या दिवशी त्याला पेज पाजताना म्हणालो, "दिवा मी लवकर काढला. डोकं तापलं नव्हतं."

त्यानं पेजेची वाटी बाजूला सारली. मग जड जिभेनं म्हणाला, "म्या बघितलं व्हतं, दाजी."

"मग बोलला का न्हाईस?"

"मलाबी त्या दिव्याचं भ्या वाटत व्हतं. म्हनलं, इझला ते बरं झालं."

बायको आली तेव्हा तिलाही मी सगळं सांगितलं. ती ऐकून घेऊन भावाचे पाय दाबत बसली. तिसऱ्या दिवशी एवढंच म्हणाली, "भ्या वाटत व्हतं तर सांगायचं व्हतं. कोन हसलं असतं?"

तात्यांना भेटलो तेव्हा ते आपणहून, खाली बघून बोलले. डोकं थंड राहिलं आणि इंजिन मंदावलं, की ते कधीकधी उलट्या बाजूनं उचल खातं, हे त्यांना ठाऊक होतं. "सांगायचं राहून गेलं माझ्याकडनं," ते म्हणाले. मग त्यांनी मला शेजारी बसवून पहिल्यापासून शिकवलं. इंजिन चांगलं तापून सारखं चालेपर्यंत पट्टा चढवायचा नाही. ठोका चुकला की आधी पट्टा उतरवायचा, मग काय झालं ते बघायचं. करवतीपुढं जाताना दात वर येतात की खाली जातात, हे दर वेळी डोळ्यांनी बघायचं.

मेहुण्याचा डावा हात पुढं खांद्याच्या वर कधी गेला नाही. तो पणदऱ्याला जाऊन बागायतात कामाला लागला. मी मात्र वखारीतच राहिलो. पुढचे चार हिवाळे इंजिन मीच लावलं. दिव्याची भीती गेली नाही. तो पेटवण्याआधी बरोबरच्या माणसाला मी सांगायचो, "मला ह्याचं भ्या वाटतं. डोक्याचा रंग तूबी बघ." काहीजण हसले. पण बघायचे.