पट्टीतला हिरवा ठिपका

आईनं कधी कुणाला हाक मारल्याचं त्याला आठवत नव्हतं. एका मोठ्या हॉस्पिटलच्या टेलिफोन बोर्डावर तिची सगळी नोकरी गेली. समोर बारीक दिव्यांच्या रांगा. दिवा लागला की वायर खोचायची आणि ‘हॅलो’ म्हणायचं. वॉर्डबॉयपासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळे तिला हॅलोबाई म्हणत. जन्मभर दुसऱ्यांना ओ देणाऱ्या या बाईनं स्वतःला काही हवं म्हणून कधी तोंडातून ब्र काढला नाही. पाणी हवं असलं तर रिकामा पेला टेबलाच्या कडेला सरकवून ठेवायची. बघणाऱ्याला दिसलं तर दिसलं.

त्या हिवाळ्यात तिला न्यूमोनिया झाला. घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, “छातीला पुन्हा गारठा लागू देऊ नका. आता परत आल्या, तर घरी कधी जातील ते मला सांगता यायचं नाही.”

तेव्हापासून त्याला तिच्या खोलीतल्या गारठ्याचीच धास्ती होती. काम घरूनच चालायचं, पण ते कानाचं: परभाषेतल्या चित्रपटांच्या तळाशी अक्षरं बसवायची. दिवसभर हेडफोन. शेजारच्या खोलीत आई खोकली तरी पत्ता नाही, आणि ती हाक मारेल ही आशा तर त्यानं सोडलेलीच होती. मग त्यानं आपल्या परीनं तोड काढली. कॉम्प्युटरच्या पडद्याच्या वरच्या कडेला एक बारीक पट्टी होती, हौसेनं स्वतः जमवलेली. बॅटरी किती उरली, मशीन किती तापलं, इंटरनेट आहे की गेलं, सगळं तिथं दिसे; ठरवून दिलेली हद्द ओलांडली की रंग बदले. त्यानं तापमान मोजणारा काडेपेटीएवढा सेन्सर आणून आईच्या उशाशी दोरीनं टांगला आणि पट्टीत तिच्या खोलीला जागा दिली. बावीसच्या खाली गेलं की पिवळं, वीसच्या खाली लाल.

“बॅटरी आणि वायफायच्या मधे सासूबाई!” बायको हसली. “माझीपण सोय कर. डोकं तापलं की लाल.”

“तुझी हद्द कुठली लावू? कायम लालच दिसशील.”

सुरुवातीला पट्टी सारखी पिवळी व्हायची. हीटर जुना, मधेच मान टाकायचा. हेडफोन उतरवून हा जायचा, हीटरला दोन चापट्या मारायचा, पांघरूण सारखं करायचा. “अरे, तुझं काम राहिलं ना,” आई म्हणायची. “राहू दे गं,” हा म्हणायचा. पण काम खरंच रखडत होतं. नजर सारखी आकड्याकडे जाते म्हणून शेवटी त्यानं आकडा लपवला आणि नुसता रंगीत ठिपका ठेवला.

मग तो ठिपका हिरवाच राहू लागला. हीटर सुधारला असं तो धरून चालला.

एका संध्याकाळी बायको कामावरून आली, आईला बघून आली आणि तिनं याच्या कानांवरचे हेडफोन ओढूनच काढले.

“अरे, आईंच्या खोलीत हात गारठतायत! हीटर बंद पडलाय.”

“शक्यच नाही. हिरवा आहे.”

“हिरवा म्हणे! जाऊन बघ जरा.”

त्यानं माउस ठिपक्यावर नेला. लपवलेला आकडा उमटला: एकतीस. एवढी उबदार खोली त्या घरात कुठलीच नव्हती. खाली किती गेलं तर ओरडायचं, हे त्यानं पट्टीला सांगितलं होतं. वर किती गेलं तर, हे सांगायचं त्याला सुचलंच नव्हतं.

उशाशी नुसती दोरी लोंबत होती. आई शाल गुंडाळून पडली होती. त्यानं शालीचं टोक उचललं. तिची मूठ छातीशी घट्ट धरलेली, आणि मुठीत सेन्सर.

“आई, हे काय?”

“तुझ्याकडे दिवा लागला की तू उठतोस. खुर्ची करकरते, मला इथं कळतं. एक वाक्य धड पुरं होत नाही तुझं.” तिनं मूठ सैल केली. “बोर्डावर सारखा एकच दिवा लागला की आम्हीपण वैतागायचो रे.”

“मी वैतागलो होतो का?”

“नाही ना. म्हणून तर.”

“आणि परत ॲडमिट व्हावं लागलं असतं, म्हणजे याचं काम झालं असतं?” बायको आईची गार पावलं चोळत रागावली. आईनं तोंड भिंतीकडे फिरवलं. पाय मात्र तिनं ओढून घेतले नाहीत.

नवराबायकोच्या खोलीतला हीटर इकडे आला. ताप चढला नाही. सकाळी डॉक्टरीणबाई येऊन छाती तपासून गेल्या, तेव्हा कुठं त्याच्या जिवात जीव आला. मग तो लॅपटॉप घेऊन आईच्या पलंगावरच बसला.

“तुझ्या बोर्डावरचे दिवे कुठल्या रंगाचे होते गं?”

“पांढरे. का?”

“अठ्ठावीसच्या वर गेलं की पांढरा लावतोय. आता खुशाल मुठीत धर. मी येईन.”

“कशाला?”

“तुला काही हवं असलं तर.”

“आणि काही नकोच असलं तर?”

“तरी धर.”

बरेच दिवस ठिपका हिरवाच राहिला. रोज तो माउस नेऊन आकडा बघायचा. आकडाही खोलीचाच असायचा. मग एका दुपारी, एका लांबलचक संवादाच्या ऐन मधे, ठिपका पांढरा झाला.

त्यानं वाक्य तसंच अर्धवट सोडलं. खोली उबदार होती. पाण्याचा पेला भरलेला होता. आई दाराकडेच बघत होती, चोरी पकडली गेल्यासारखी.

“हॅलो,” तो दारातून म्हणाला.

ती भिंतीकडे थोडी सरकली आणि त्याला बसायला जागा केली.