एफ म्हणजे फाइल

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या. मधे हसलात तर मला पुन्हा घाम फुटेल.

निवृत्तीनंतर मी अकोल्यात बसून वऱ्हाडी शब्दांचा कोश करतोय. सून मीनल अमरावतीला सॉफ्टवेअरचं काम करते. तिनं माझ्या लॅपटॉपवर 'गिट' बसवून दिलं. ज्या फाइलची त्यात नोंद कराल, तिची प्रत्येक जुनी प्रत ते जपून ठेवतं, शिवाय तिकडे मीनललाही धाडतं. कधीच रजेवर न जाणारा रेकॉर्डकीपर म्हणा ना!

एका फाइलीची नोंद मात्र मी मुद्दाम केली नव्हती. 'शिव्या व टोमणे'. सगळं प्रकरण आमच्या हिनं तोंडी सांगितलेलं. नोंद केली की मीनलला दिसणार. सासूचं हे धन सुनेनं इतक्या लवकर का पाहावं?

दुसऱ्या दिवशी मजकूर प्रेसला जायचा होता, म्हणून दुपारी फोल्डर आवरायला घेतलं. गिटनं नोंद नसलेल्या फायलींची भलीमोठी यादी दाखवली. ती शेवटपर्यंत कोण वाचतो? आमच्या ऑफिसात आवक नोंद नसलेला कागद म्हणजे रद्दीच! दिला हुकूम: 'क्लीन'.

गिट अडलं. नुसतं चालणार नाही, पुढं एन नाहीतर एफ लिहा.

आता सांगा, उभी नोकरी फायलीत घालवलेला माणूस काय लिहील? एन म्हणजे नको. एफ म्हणजे फाइल!

क्षणात फोल्डर लख्ख. आणि 'शिव्या व टोमणे'ही लख्ख! कचरापेटीत पाहिलं, तिथंही नाही. स्वयंपाकघरात ही शेजारणीला सांगत होती, "आख्खं प्रकरण माह्या नावानं हाय पुस्तकात!"

मी गॅलरीत जाऊन फोन लावला.

"मीनल, गेलेली फाइल परत येते ना?"

"येते ना बाबा. नोंद केली होती न?"

"नाही."

"काहून?"

या 'काहून'चं, म्हणजे 'का'चं, कारण सुनेला सांगण्यासारखं नव्हतं. मी खोकून वेळ मारून नेली.

"बरं, क्लीनपुढं एनच लिहिलं न? एननं काय काय उडन ते नुसतं दाखवते."

"एफ लिहिलं. फाइलचा."

"बाबा! एफ म्हणजे फोर्स! जबरदस्ती! आता ते कुठंच नाई. गिटले ते पोट्टं आपलं हाय हेच मालूम नव्हतं!"

मागे वळलो. दारात ही. हातात झारा.

"काय उडवलं?"

"काही नाही. तू जा."

"माहं उडवलं?"

मी मान डोलावली. आणि धरण फुटलं.

"अवो बह्याड मानसा! नोकरीसंगं अक्कलबी रिटायर झाली काय तुमची?"

मग आतला कारकून जागा झाला. लॅपटॉपसमोर बसलो आणि खाली मान घालून तिचा शब्द न् शब्द टाइप करत सुटलो. मधे एकदा "जरा सावकाश" म्हणालो, तर दोन टोमणे नवे मिळाले.

संध्याकाळी प्रकरण तयार, पहिल्यापेक्षा मोठं! लगेच नोंद केली. रात्री मीनलचा निरोप आला: "बाबा, फर्स्टक्लास जमलं. पन उदाहरणाच्या सगळ्या वाक्यांत रिटायर बाबूच काहून हाय?"