जसोदाबाईंची शेगडी आणि धनुबाईचा वाटा

कल्पना करा, सकाळच्या गारठ्यात तुमच्यासमोर तीन घमेली ताजं शेण आहे आणि तेवढंच पाणी. ते दोन्ही हातांनी कालवायचं. हो, हातांनीच, काठीनं गुठळ्या फुटत नाहीत. कडब्याचा तुकडा लागला की काढायचा, खडा लागला की काढायचा. फार पातळ झालं तर गॅस कमी, फार घट्ट झालं तर नळात अडकणार. मग नेमकं कसं हवं? हात वर काढला की बोटांवरून धार पडावी, पण धार पडून गेल्यावरही बोटांचा रंग दिसू नये. पुस्तकात याला आकडा आहे. ब्राह्मणपुरीच्या जसोदाबाईंकडे आकडा नव्हता, बोटं होती.

शहादा तालुक्यातल्या या गावात १९६१ साली जसोदाबाईंच्या गोठ्यामागं शेणाच्या गॅसचा हौद बांधला गेला. नवरा रतिलाल धुळ्याला शेतकी प्रदर्शनात नांगर बघायला गेले आणि डोक्यात हौद घेऊन परतले. विहिरीसारखा खोल खड्डा, आतून विटांचा, वर उपडा घातलेला लोखंडी टोप. शेण आत कुजायचं, त्यातून निघणारा वायू टोपात साठायचा. टोप हळूहळू वर उचलला जायचा आणि वायू नळीतून चुलीजवळच्या शेगडीत यायचा. दुसऱ्या बाजूनं कुजून निवलेली रबडी बाहेर पडायची, ती केळीच्या बागेत जायची.

रतिलालांचा उत्साह हौद बांधण्यापुरता होता. चालवला तो जसोदाबाईंनी. वीस वर्षं कापसाच्या पऱ्हाट्यांच्या धुरात भाकरी भाजून त्यांचे डोळे कायमचे लाल झाले होते. शेगडीवर पहिल्यांदा स्वयंपाक झाला तेव्हा त्यांनी पातेलं उपडं करून बघितलं आणि ते तसंच घेऊन त्या शेजारच्या रुक्मिणीबाईंकडे गेल्या. बूड काळं झालं नव्हतं.

पण जसोदाबाईंना खरं नवल वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. गोवरी जाळली की मागं राख राहते. इथं जाळ मिळूनही खत शिल्लक राहत होतं, आणि केळीच्या पानांवरून दिसत होतं की ते खत जास्त चांगलं आहे. गाईनं शेताचं खाल्लं, शेतानं गाईचं घेतलं, मधल्या मधे घरानं भाकरी भाजून घेतली. यात कुणाला काही विकावं लागलं नाही, कुणाचं काही सरलं नाही. मग सगळं गाव असंच का चालू नये?

हा प्रश्न त्यांनी पहिल्यांदा विचारला तो चुनीलालला, म्हणजे ज्याला तो सगळ्यात कमी आवडणार होता त्याला. चुनीलाल गावाला लाकूड आणि रॉकेल पुरवायचा.

"भाभी," तो हसून म्हणाला, "जे बजारमा इकाई जात नई, त्याले जगमा कोनी इचारत नई. आनि लाकूड काय सरस का कधी? सातपुडा केवढा मोठा शे!"

"चुनीलालभाई, तुम्हनं लाकूड पहिले कोठेन ये?"

"तळोदाना शिवारमाईन."

"आनि आते?"

"आते... वर धडगाव कडथीन."

"मंग सरी ऱ्हायनं ना!"

चुनीलालनं टोपी सारखी केली आणि तो आपल्या गाडीवानावर उगीच ओरडला.

जसोदाबाईंची गल्ली पाच घरांची. त्यांच्या गोठ्यात आठ गुरं होती, बाकी चौघांकडे कुठं दोन, कुठं चार. एकट्यानं हौद भरणं त्या कुणालाच जमलं नसतं. जसोदाबाईंनी ठरवलं की पाचही घरांचं शेण एका हौदात पडावं, पाच घरांत शेगड्या पेटाव्यात आणि ज्याचं जेवढं शेण, तेवढी रबडी त्याच्या शेतात जावी. पुरुषांपुढं हा विषय काढून उपयोग नव्हता. आधी चुलीपुढच्या बायकांना पटायला हवं होतं. म्हणून पौषातल्या एका दुपारी त्यांनी चौघींना जेवायला बोलावलं. सगळा स्वयंपाक त्यांच्यादेखत गॅसवर होणार होता. हे जमलं तर गल्ली त्यांची, नाही तर त्यांचा हौद म्हणजे रतिलालच्या बायकोचं खूळ.

आणि नेमकी त्याच आठवड्यात थंडी वाढली. थंडीत शेण आळसावतं. टोप वर येईना.

जसोदाबाईंचं माहेर डोंगराच्या पायथ्याचं. मोहाची फुलं पाण्यात भिजवली की कशी फसफसून वर येतात, हे त्यांनी लहानपणापासून पाहिलेलं. बैलांना चारायला ठेवलेलं मोहाच्या फुलांचं पोतं घरात होतंच. हौदालाही फसफसायचंच आहे, मग त्याला थोडी मदत केली तर काय बिघडलं? तीन दिवस त्यांनी शेणाबरोबर मोह कालवून ओतला. चौथ्या दिवशी टोप असा वर आला होता की रतिलालसुद्धा बघायला आले.

बायका जमल्या. परात मांडली, पीठ मळलं, वांगी चिरली. जसोदाबाईंनी चावी फिरवली. सूंऽऽ असा आवाज आला. काडी लावली, ती विझली. दुसरीही विझली. सातव्या काडीला रुक्मिणीबाई म्हणाल्या, "जसोदा, तुन्ही शेगडी रुसनी का व? तिले लुगडं नई लीधं का?"

"वास कसाना ई ऱ्हायना पन?" गल्लीतल्याच बेबीबाईंनी नाकाला पदर लावला.

वास आंबट होता, आणि तो बाहेर रस्त्यापर्यंत गेला होता. पोलिसपाटील चुडामण दारात येऊन उभे राहिले. "भाभी, दारूबंदी शे, माहीत शे ना? कितला मोठा हौद बांधा तुम्ही!"

हसता हसता बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं. जसोदाबाईंच्याही आलं, पण हसून नाही.

झालं होतं ते असं. कुजणारं शेण ज्या जिवाणूंमुळं जळाऊ वायू देतं, ते सावकाश काम करणारे असतात. गोड मोह मिळाल्याबरोबर दुसरे, उतावळे जिवाणू माजले. त्यांनी हौद आंबवून टाकला. वायू भरपूर झाला, टोप वर चढला, पण तो न जळणारा वायू होता. जसोदाबाईंना यातलं नाव एकही माहीत नव्हतं. त्यांना एवढं कळलं की घाई आपण केली.

चार घरच्या पाहुण्या उपाशी कशा पाठवायच्या? तेवढ्यात गोठा झाडणारी धनुबाई टोपलीभर गोवऱ्या घेऊन आत आली. तिनं जुनी चूल पेटवली. भाकरी झाल्या, भाजी झाली, बायका जेवल्या आणि गेल्या. मग परात घासता घासता धनुबाई म्हणाली,

"बाई, राग नका मानू. तुम्हनी शेगडी पेटस ना, तवय मन्ही चूल इझस."

"म्हंजे?"

"पहिले गोठा झाडा का निम्मं शेण मन्हं व्हये. गोवऱ्या थापू. आते बठ्ठं हौदमा जास. आजन्या गोवऱ्या दिवाळीना पहिले थापेल व्हत्यात, सरनात आते."

धनुबाईला जमीन नव्हती, गाय नव्हती. गोठ्यातलं निम्मं शेण ही गावाची जुनी रीत होती. ती कुणी मोडली नव्हती, फक्त सगळं शेण हौदात जायला लागल्यावर ती आपोआप बंद पडली होती. कुणाचं काही सरलं नाही असं जसोदाबाई म्हणत होत्या, आणि रोज समोर वावरणाऱ्या बाईची चूल त्यांनी मोजणीतच धरली नव्हती.

त्यांनी आधी हौद दुरुस्त केला. नवं शेण टाकणं थांबवलं, आंबटपणा मरावा म्हणून थोडी चुन्याची निवळी ओतली, जुन्या रबडीच्या बादल्या परत आत सोडल्या. रोज सकाळी एक काडी लावायची, विझली की परत जायचं. तेविसाव्या दिवशी निळी ज्योत धरली. रुक्मिणीबाईंना हाक मारून त्या म्हणाल्या, "ये, आते तिले लुगडं लीधं." गल्ली तयार झाली ती त्या फजितीनंतरच. चुकून, शोधून, पुन्हा पेटवणाऱ्या बाईवर लोकांचा विश्वास बसला. १९६४ च्या होळीपर्यंत पाचही घरांत शेगड्या होत्या आणि लाकडाची गाडी त्या गल्लीत थांबेनाशी झाली. चुनीलाल आपल्या लिंबाच्या झाडांसाठी रबडीचा डबा मागायला आला, तेव्हा जसोदाबाईंनी तो काठोकाठ भरून दिला.

धनुबाईचं कोडं मात्र सहज सुटेना. जसोदाबाई म्हणाल्या, गोठ्याजवळ एक शेगडी तुझी. धनुबाई म्हणाली, "रोज दुसरान्या दारमा भाकर करू का मी?" तिच्या झोपडीपर्यंत नळी न्यावी, तर टोपाचा दाब तितका लांब पोचेना. शेवटी जसोदाबाईंनी चौघींना ठणकावून सांगितलं की आठवड्यातलं दोन दिवसांचं शेण धनुबाईचं. रुक्मिणीबाई कुरकुरल्या, "शेण आपलं, आनि गॅस आपलाच कमी?" पण मानलं. धनुबाईनं शेण नेलं, गोवऱ्या थापल्या. फक्त एकदा विचारलं, "बाई, हाऊ मन्हा हक शे का तुम्हनी दया?"

१९६६ साली तळोद्याहून एक सरकारी साहेब जीपनं हौद बघायला आले. ओट्यावर उभं राहून त्यांनी छान भाषण केलं. अशी गावं झाली तर कोळसा नको, रॉकेल नको, नफ्यासाठी जंगल तोडणारा ठेकेदार नको, एक नवीच व्यवस्था उभी राहील. लोकांनी टाळ्या वाजवल्या. जसोदाबाईंनीही मनापासून वाजवल्या, कारण त्यातला शब्द न् शब्द त्यांना खरा वाटत होता. मग त्यांनी पदर सावरला आणि सगळ्यांसमोर विचारलं,

"सायेब, त्या नव्या व्यवस्थामा, ज्याना दारमा गायच नई, त्याना वाटा कोनी ठरावाना? गायवालानी का तेनी सोता?"