नागोरावांच्या फोटोवरचा हार

अनिरुद्धने घरी स्कॅनर आणला आणि माझ्या सासूबाईंचं, हिराबाईंचं, जेवणावरचं लक्ष उडालं. हडपसरच्या आयटी कंपनीत लागल्यापासून माझ्या नवऱ्याला दिसेल ते कॉम्प्युटरवर चढवायचा सोस. जावळाचे, शाळेचे, मामांचे, सगळे फोटो झाले. उरला भिंतीवरचा एकच, त्याच्या वडिलांचा.

अनिरुद्ध अंगावर पीत होता तेव्हाच नागोराव गेले. त्यांच्या आणि हिराबाईंच्या लग्नात फोटोग्राफर बोलावण्याची ऐपत नव्हती. नोकरीच्या अर्जासाठी काढलेला तेवढा एक फोटो, तोच मोठा करून घेतलेला. वाशीमहून पुण्याला येताना ट्रकमध्ये त्याची काच फुटली, नवी बसवायची राहूनच गेली. दर पितृपक्षात हिराबाई ओल्या पदराने जुनं गंध पुसायच्या आणि बोटाने नवं लावायच्या, थेट कागदावर. भक्तीनेच घात केला. चेहरा जाऊ लागला तसा त्यांनी वर चंदनाचा जाड हार चढवला आणि घरात कायदा केला: गेलेल्या माणसाचा हार त्यांच्याखेरीज कुणी हलवायचा नाही. दिवाळीच्या झाडलोटीत मी तो हलवला होता. तेव्हापासून मीही गप्प होते.

रविवारी अनिरुद्ध स्टुलावर चढला.

"उतर खाली!" हिराबाई कडाडल्या. "काहून हात लावतोस त्याला?"

"भिंतीला ओल आलीय, आई. हाही फोटो जाईल. मला बाबांचं तोंड तरी पाहू दे."

"अहो, आधी चहा घ्या ना," मी मध्ये पडले. पुण्यात कुणी आपणहून चहा विचारला की समजावं, काहीतरी बिनसलंय. त्याने माझ्याकडे रोखून पाहिलं आणि फोटो खाली घेतला.

हार निघाला. कडेला कान, खाली कॉलर, मध्ये नुसता पांढरट डाग. हिराबाई भिंतीला टेकून खाली बसल्या.

"मीच पुसला रे," त्या म्हणाल्या. "तुझा बाप मीच पुसला."

अनिरुद्धच्या मानेची शीर तटतटली होती. आता हा काय बोलतो, या भीतीने मी पुढे झाले. त्याने फोटो स्कॅनरवर पालथा घातला, झाकण लावलं. पडद्यावर डाग मोठा होत गेला. मधोमध, यंदाच्या गंधात, हिराबाईंच्या बोटाच्या रेषा स्वच्छ उमटल्या होत्या.

त्याने पडद्यावरच्या त्या रेषांवर आपलं बोट टेकवलं.

"तुमचा दोघांचा एकत्र फोटो नव्हताच ना, आई?" त्याने विचारलं, आणि फाइलला नाव दिलं, 'आई-बाबा'.