उलटी जर्सी

हंगामाआधी आमच्या तालमीचा फुटबॉल संघ खालच्या गटातल्या गावच्या संघांशी सराव सामने खेळतो. पाहुण्यांचा एखादा खेळाडू कमी पडला, तर आपल्यातला एक द्यायची रीत आहे. तो जर्सी उलटी करून घालतो आणि तिकडनं खेळतो.

आज माझ्या धाकट्या भावाला दिलं. मिसरूड फुटल्यापासून तो याच तालमीत खेळतोय.

"दिनू, आजच्यापुरतं तू तिकडनं खेळ," कोच स्वतःच्या बुटाकडं बघत म्हणाले.

"चालतंय की," म्हणत दिनूनं जर्सी उलटी केली. पाठीवरचा नंबर आतनं पुसट दिसत राहिला.

आजच्यापुरतं. या शब्दाची मला भीती वाटते. बाबांना दवाखान्यात ठेवून घेतलं, तेव्हा डॉक्टरही आजच्यापुरतंच म्हणाले होते. 'जा' असं तोंडावर कुणी सांगत नाही. माणसाला जरा पलीकडं उभं करतात, आणि तोही कळून न कळल्यासारखं करतो.

खेळ रंगात आला आणि चेंडू दिनूच्या पायात आला. मान वर न करता, इतक्या वर्षांच्या सवयीनं त्यानं उजव्या बगलेला लांब पास दिला, थेट आमच्या सागरला. गोल झाला. सगळं मैदान हसलं. दिनूही हसला.

सागर नेहमीसारखा मिठी मारायला त्याच्याकडं धावत सुटला, आणि उलटी जर्सी दिसली तसा अर्ध्या वाटेत थांबला.

दिनूचे हात तोवर पसरलेले होते.