पाचवं फूल

हवामान कचेरीच्या तिसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून असलेल्या खोलीत बसणाऱ्या गृहस्थांना सगळी कचेरी 'पाचफुले' म्हणायची. नव्यानं लागलेल्यांना ते आडनाव वाटे आणि ते बिचारे पगारपत्रकात 'प'खाली त्यांना शोधत बसत. खरं आडनाव काय, हे त्यांच्या बायकोला आणि पगार काढणाऱ्या कारकुनाला माहीत असेल, आणि कारकुनाचीही खात्री देता येत नाही.

पाचफुल्यांचं काम सांगायला सोपं होतं. देशात वसंत कुठे पोचला, ते सांगायचं. किनाऱ्यावर, नदीकाठी, डोंगराच्या पायथ्याशी आणि डोंगरावर अशा चार बागांत जर्दाळूचं एकेक झाड होतं. झाडाला पाच फुलं उमलली की त्या भागात वसंत आला, असं सकाळी साडेसातला रेडिओवर सांगितलं जाई. चार नाही, सहा नाही, पाच.

"पाचच का?" असं कुणी विचारलं की पाचफुले चष्मा काढून, पुसून, पुन्हा लावत. हा कार्यक्रम आटोपेपर्यंत विचारणाऱ्याला पश्चात्ताप झालेला असे. मग ते म्हणत, "एक फूल चुकून उमलतं. दुसरं हौसेनं. तिसरं-चौथं आधीच्या दोघांचं बघून. पाच उमलली की समजावं, झाडानं नीट विचार करून ठरवलंय."

नियम आणखीही होते. पाचही पाकळ्या पसरून आतले केसर दिसले तरच फूल, नाहीतर ती कळी. खबर निरीक्षकानं स्वतः, स्वतःच्या आवाजात, फोनवरच द्यायची. आणि सगळ्यांत कडक नियम म्हणजे, कचेरीनं आपणहून फोन करून कधी विचारायचं नाही. "विचारलं की लोकांना फुलं दिसायला लागतात," असं पाचफुल्यांचं म्हणणं होतं. हा नियम त्यांनी स्वतः केला होता आणि त्याचा त्यांना इतका अभिमान होता, की लग्नाच्या वाढदिवशीही बायकोला काय हवं ते ते विचारत नसत.

वसंत दरवर्षी खालून वर चढे. आधी किनाऱ्यावरचा दीपगृहवाला फोन करी. त्याला आयुष्यभर वाऱ्याशी बोलायची सवय, त्यामुळे तो ओरडून सांगे, "पाच झाली हो साहेब! शेजारच्या गुलाबांनी तर नुसता धुमाकूळ घातलाय!" आठवड्याभरानं नदीकाठच्या नर्सबाई. त्या फुलांचा आकडा सांगून शिवाय कुणाला मुलगा झाला, कुणाला मुलगी, हेही सांगत. मग पायथ्याचा स्टेशनमास्तर. हा फुलंही गाड्यांसारखी सांगे, "पाचवं फूल दोन दिवस उशिरानं धावतंय." आणि सगळ्यांत शेवटी, महिना संपता संपता, डोंगर.

डोंगराचा फोन आला की पाचफुले उभे राहून घेत. पलीकडून आवाज येई, "डोंगर. पाच फुलं. सकाळी सात."

"हवा?"

"कोरडी."

आणि फोन ठेवल्याचा खट्ट आवाज. झालं वर्षाचं बोलणं. कारण डोंगरावरचा निरीक्षक म्हणजे पाचफुल्यांचा सख्खा थोरला भाऊ होता, शाळेतून निवृत्त झालेला ड्रॉइंगमास्तर. आणि गेली एकोणीस वर्षं दोघा भावांत याहून एक अक्षर जास्त बोललं गेलं नव्हतं.

"दोन भाऊ वर्षातून एकदा बोलतात," पाचफुल्यांची बायको शेजारणीला सांगे, "तेही झाडाबद्दल. झाड तरी काय म्हणत असेल!"

भांडणाचं मूळ त्या झाडातच होतं. खालच्या तिन्ही बागांतली झाडं चौथ्या झाडाची कलमं. फरक दिसला तर तो हवेचा असावा, झाडाचा नसावा, म्हणून. आणि ते मूळ झाड डोंगरावर, त्यांच्या घराच्या मागच्या अंगणात, आईनं लावलेलं होतं. एकोणीस वर्षांपूर्वी आई त्याच घरात अंथरुणाला खिळली. रोज सकाळी ती रेडिओ उशाशी घेऊन विचारी, "आपल्याकडे आला का रे वसंत?" थोरला म्हणे, "येईल, येईल." थंडी हटत नव्हती. मग एका सकाळी रेडिओनं सांगितलं, डोंगरावर वसंत आला. आईनं ऐकलं, "बघ, धाकट्यानं सांगितलं," म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी गेली.

पाचफुले बसनं, मग पायी, धापा टाकत घरी पोचले. घर माणसांनी भरलेलं. कुणीतरी पाणी दिलं, कुणीतरी पाठीवर हात ठेवला. आणि हा माणूस, कसा कोण जाणे, मागच्या दारानं अंगणात गेला आणि झाडावरची फुलं मोजायला लागला. कुणी दुःखात कपाळ बडवून घेतं, कुणी भिंतीकडे बघत बसतं. यांच्या हाताला मोजायचीच सवय. चार फुलं नीट उमललेली होती. पाचव्याच्या पाकळ्या उलगडलेल्या होत्या खऱ्या, पण कडांना नखांचे तपकिरी व्रण होते.

"दादा, हे काय?"

"आईला ऐकायचं होतं," थोरला म्हणाला.

तेवढ्यावर मिटलं असतं. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. त्या वर्षीच्या छापील अहवालात डोंगराच्या नोंदीवर एक चांदणी आली आणि पानाच्या तळाशी बारीक टाईपात, 'नोंद ग्राह्य नाही. कळी हाताने उघडली.' अहवालाच्या प्रती नियमाप्रमाणे चारही निरीक्षकांना गेल्या. थोरल्यालाही गेली, पाकिटावर धाकट्याच्याच अक्षरात पत्ता.

त्यानंतर "डोंगर. पाच फुलं. सकाळी सात." एवढंच.

यंदा मात्र डोंगराचा फोन आलाच नाही.

किनारा झाला, नदीकाठ झाला, स्टेशनमास्तरचं फूल चक्क वेळेवर आलं. महिन्याचे पाच दिवस राहिले, मग तीन. पाचफुले जेवणाचा डबा फोनशेजारी उघडून बसू लागले. घास तोंडात असताना फोन वाजला तर "हवा?" कसं म्हणायचं, या भीतीनं ते एकेक घास गोळीसारखा गिळत. शेवटी डबाच आणेनासे झाले. फोन चालू आहे ना, म्हणून दर तासाला उचलून कानाला लावत आणि लावलेला असताना तिकडून आला तर, म्हणून दचकून खाली ठेवत.

त्याच खोलीत समोरच्या टेबलावर भूकंपवाले बसत. जमीन हलली की नोंद करायची, हे त्यांचं काम.

"आमचे भूकंप बरे," ते म्हणाले. "वाट बघावी लागत नाही. अहो, उचला आणि करा ना फोन!"

"नियम आहे."

"नियम कुणाचा?"

"माझाच."

"मग मोडा की! मोडला तर साहेब रागावणार नाहीत, कारण साहेबांना तो माहीतच नाही."

पाचफुले हसले नाहीत. त्यांना भीती वाटत होती आणि ती फुलांची नव्हती. थोरला एकाहत्तर वर्षांचा होता. रोज सकाळी अंघोळ करताना त्यांच्या मनात यायचं, दादा नसेल तर? मग ते तांब्या जोरात आपटत, म्हणजे तो विचार ऐकू येऊ नये. वहिनी कळवेल, असं ते स्वतःला समजावत. आणि लगेच आठवे, की एकोणीस वर्षांत वहिनीला आपण एक ओळ लिहिलेली नाही. तिनं कुठल्या तोंडानं कळवावं?

महिन्याचा शेवटचा दिवस उजाडला. संध्याकाळी पाचला नोंदी बंद होणार आणि डोंगराच्या चौकटीत 'नोंद नाही' असा शिक्का बसणार. साडेतीन वाजले. भूकंपवाले उठले, खुर्ची ढकलली आणि म्हणाले, "मी जरा चहाला जातो. अर्धा तास येत नाही. तुम्ही काय करता ते मी बघितलेलं नाही." दार त्यांनी बाहेरून ओढून घेतलं.

नंबर पाचफुल्यांना पाठ होता. तरी तीनदा चुकला.

"हॅलो?" बाईचा आवाज.

"वहिनी, मी..."

वहिनीनं आवाज ओळखला. "भाऊजी, उशीर केलात हो."

पाचफुल्यांनी टेबलाची कड पकडली. "दादा...?"

"आहेत. आहेत!" ती घाईनं म्हणाली. "पण थंडीत झटका आला. उजवी बाजू लुळी पडली, कसंबसं पाय ओढत चालतात, पण वाचा गेली. तुम्हाला कळवू म्हटलं तर डाव्या हातानं फोन हिसकावून घेतला. या आठवड्यात चारदा म्हटलं, फुलांचं तरी मी सांगते. मान हलवून नाही म्हणतात. स्वतःच्या आवाजातच सांगायचं, हा तुमचा नियम ना! आणि आवाज कुठून आणणार?"

आता एकाच घरातले दोघे भाऊ मुके झाले होते, फक्त मध्ये डोंगर होता.

"ऐकू येतं त्यांना सगळं," वहिनी म्हणाली. "टकटक करतात. एक म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. थांबा, त्यांच्याजवळ धरते."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग कुणाचा तरी जड श्वास.

"दादा," पाचफुले म्हणाले. ते उभेच होते. "डोंगर... किती?"

फोनवर बोटानं टकटक झाली. एक. दोन. तीन. चार.

पाचफुले थांबले. पुढे काही आलं नाही.

"चारच झालीत," लांबून वहिनीचा आवाज आला. "थंडीनं बाकीच्या कळ्या जाळल्या. एक राहिलीय अर्धी उघडलेली, आठ दिवस तशीच. रोज खुर्ची नेऊन तिच्यासमोर बसतात."

पावणेचार झाले होते. पाचफुल्यांना नखांचे व्रण आठवले, बारीक टाईप आठवला आणि रेडिओ उशाशी घेतलेली आई आठवली. आणि ज्या माणसानं उभ्या हयातीत अर्ध्या कळीला फूल म्हटलं नव्हतं, तो फोनमध्ये तोंड घालून गयावया करू लागला, "दादा, उघड ती. नखानं उघड. मी लिहितो पाच. चांदणी नाही टाकणार. आईशपथ नाही टाकणार. उघड ना रे!"

टक. टक.

नाही.

ते रागानं होतं, हट्टानं होतं, की थोरल्यालाही आता खरंच पाच हवी होती, ते बोटाच्या आवाजावरून कसं कळणार? पाचफुले खुर्चीत बसले. समोरच्या भिंतीवर देशाचा नकाशा होता. तीन ठिकाणी गुलाबी टाचण्या आणि डोंगरावर मागच्या वर्षांच्या टाचण्यांनी पडलेलं एक भोक.

"दादा," ते हळू म्हणाले, "मग मीच येतो. उद्याच्या बसनं. आणखी एक खुर्ची ठेव तिथे. दोघं बसून वाट बघू. ती नाही उमलली तर नाही. येऊ का?"

टक.

पाचफुल्यांनी फोन कानाशी इतका दाबून धरला, की कान दुखू लागला. दुसरी टकटक आता येईल, मग येईल, म्हणून ते वाट पाहत राहिले. चार वाजले. भूकंपवाले परत आले आणि खोलीचं दार लावून पुन्हा बाहेर गेले.

दुसरी आली नाही. मग वहिनीचा आवाज आला, "भाऊजी, ते मागच्या अंगणात निघालेत. एका हातानं दुसरी खुर्ची ओढतायत. ठेवते मी, पडतील ते!"

खट्ट.

पाचफुल्यांनी कागद पुढे ओढला. डोंगराच्या चौकटीत त्यांनी लिहिलं, 'चार.' असा आकडा त्या चौकटीत आजवर कुणी लिहिला नव्हता आणि तो कुठल्याच नियमात बसत नव्हता. मग ते जुने अहवाल ठेवलेल्या कपाटाशी गेले आणि एकोणीस वर्षांपूर्वीचा काढून पिशवीत टाकला. त्याचं काय करायचं, ते त्यांना ठाऊक नव्हतं. बस सकाळी सहाची होती आणि डोंगरावर थंडी अजून हटली नव्हती.